चैत्रातलं हळदीकुंकू आणि तीस लिटर पन्हं

घरी चौघांसाठी पन्हं करणं वेगळं आणि मंडळाच्या हळदीकुंकवाला दोनशे जणींना पुरेल इतकं करणं वेगळं. घरच्या प्रमाणाला पन्नासने गुणलं की झालं, असं नाही होत. गूळ किती चढतो, गर किती निघतो, पाणी कधी आणि किती घालायचं, सगळं बदलतं. लग्न होऊन डोंबिवलीला आले आणि पहिल्याच चैत्रात सासूबाईंनी मला मंडळात नेलं. तिथे हे काम ज्यांच्या हाताखाली शिकले त्या आजींची आठवण कैरी बाजारात आली की हमखास येते.

गौर चैत्र शुद्ध तृतीयेला झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत असते. घरोघरची हळदीकुंकवं या महिनाभरात सोयीने होतात. मंडळाचं मात्र शाळेचं सभागृह ज्या रविवारी मिळेल त्या रविवारी. तारीख ठरली की पहिला प्रश्न कैरीचा.

तोतापुरी दिसायला मोठी, गर भरपूर, भावाला परवडणारी. पण तिला आंबटपणा बेताचा, म्हणून पन्हं नुसतं गोड लागतं. राजापुरी लोणच्याला नि साखरांब्याला ठेवावी. पन्ह्याला रायवळच हवी, असं आजींचं ठाम मत होतं आणि आज माझंही आहे. पूर्वी ती कल्याणच्या बाजारातून निवडून आणावी लागे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि आमची चंगळ झाली. मंडळातल्या एका काकूंचं सासर रत्नागिरीकडचं. त्यांचे दीर दिव्याला येणाऱ्या पॅसेंजरमध्ये कोणा ओळखीच्या माणसाबरोबर पोतं पाठवायचे. दिवा आमच्यापासून दोन स्टेशनांवर. आम्ही दोघी-तिघी ते उतरवून घ्यायला जायचो. पोत्याचं तोंड सोडलं की चिकाचा तो उग्र, हिरवा वास फलाटभर पसरायचा.

आदल्या संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकूंकडे जमायचं. कैऱ्या पाण्यात घालून ठेवलेल्या असत. देठाकडचा भाग कापून चीक पुसून काढायचा, नाहीतर घशाला खवखवतं. पडून आपटलेल्या कैरीची काळी बाजू कापून टाकायची. कैरी पाण्यात बुडवून उकडायची नाही, कुकरमध्ये चाळणीवर वाफेवर ठेवायची. पाण्यात शिजवली की निम्मा आंबटपणा पाण्यात उतरतो आणि ते पाणी ओतून दिलं जातं. तीन-चार घरांतले कुकर एकाच ओट्याच्या आजूबाजूला, शिट्ट्यांवर शिट्ट्या, आणि मोजायची जबाबदारी लहान मुलींकडे.

कैरी हाताला सोसेल इतकी निवली की खरं काम सुरू होई. साल अलगद सुटते. तिच्या आतल्या बाजूला चिकटलेला गर चमच्याने खरवडून घ्यायचा, कारण सगळ्यात सुवासिक गर तिथेच असतो. मग कोय मुठीत धरून पिळायची. कोपरापर्यंत हात बरबटत. हा गर पुरणयंत्रातून फिरवला की धागे मागे राहतात आणि खाली पडतो तो लोण्यासारखा मऊ लगदा. पाच किलो कैरीचा तीन किलोच्या आसपास गर निघतो. त्याला साडेचार किलो गूळ. कैरी फारच आंबट असेल तर अर्धा-पाऊण किलो वाढवायचा.

गूळ की साखर, यावर मात्र दरवर्षी जुंपायची. साखरेचं पन्हं पिवळंधमक, आरपार, दिसायला देखणं. गुळाचं गढूळ तांबूस. काही जणींना चांदीच्या वाटीत साखरेचंच शोभतं असं वाटे. आजी गुळाच्या बाजूच्या. त्यांचं म्हणणं, उन्हातून चालत आलेल्या बाईला रंग नको असतो, ओलावा हवा असतो. कोल्हापुरी पिवळा गूळ किसून गर गरम असतानाच त्यात घालायचा, म्हणजे चूल न पेटवता विरघळतो. मग पुन्हा एकदा गाळायचा, कारण गुळात उसाची चिपाडं आणि खर असते. सगळ्यात शेवटी वेलदोडे थोड्या साखरेबरोबर कुटून, कोमट पाण्यात खललेलं केशर आणि मीठ. मीठ जाणवायला नको, पण नसलं तर पन्हं अळणी सरबत होतं.

हा झाला अर्क. तो स्टीलच्या डब्यांत भरून रात्री दोन-तीन घरांच्या फ्रीजमध्ये जायचा. पितळेच्या भांड्यात आंबट ठेवायचं नाही, हे आजींनी कधी सांगितलं नाही. त्या नुसतं समोरचं पितळी पातेलं उचलून बाजूला ठेवत.

रविवारी सकाळी सभागृहात वेगळीच लगबग. झाडून, पुसून, व्यासपीठासमोर चैत्रांगण रेखाटायचं काम दोघी-तिघींकडे असे: मधे झोपाळ्यातली गौर, भोवती शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, कासव, तुळशीवृंदावन, सूर्य-चंद्र. आरास करणाऱ्या कलिंगडाचं कमळ कापत. डाळीची तुकडी पहाटेपासून कामाला लागलेली असे. चार-पाच तास भिजलेली हरभऱ्याची डाळ भरडच वाटायची, तिचं पिठलं करायचं नाही, आणि फोडणी पूर्ण गार झाल्याशिवाय वर घालायची नाही. उन्हाळ्यात डाळ आंबायला वेळ लागत नाही. भिजवलेल्या हरभऱ्यांची परात, काकडीच्या फोडी, गुलाबदाणी, अत्तरदाणी, सगळं मांडून तयार.

पन्ह्याचं पाणी मात्र आदल्या रात्रीच माठांत भरून ठेवलेलं असायचं, आत वाळ्याची जुडी सोडलेली. बाजारचा बर्फ आजींना चालत नसे. कोणत्या पाण्याचा कोण जाणे, म्हणत. भारनियमनाच्या उन्हाळ्यांत सभागृहातले पंखे बंद असत, तेव्हा माठातलं ते पाणीच कामाला आलं.

दुपारी चारला पिंपात अर्क ओतला जाई आणि आजी त्यासमोर स्टुलावर बसत. मी तांब्याने पाणी ओतायची, त्या लांब दांड्याच्या डावाने तळापासून ढवळायच्या. गर तळाशी बसतो, म्हणून डाव पिंपाच्या तळाला घासल्याचा आवाज आला पाहिजे. पहिले चार तांबे बिनधास्त. पुढे प्रत्येक तांब्यानंतर हात वर करून थांबवायच्या, तळहातावर थेंबभर घेऊन चाखायच्या. "अजून एक. अर्धाच गं." एका भागाला चार भाग पाणी हा हिशोब साधारण बरोबर येतो, पण त्या हिशोबाने कधीच थांबल्या नाहीत. बायका उन्हातून आल्या असतील तर थोडं पातळ, ढगाळ दिवस असेल तर थोडं दाट.

आता एक सांगते. या आजी विधवा होत्या. मी आले त्याच्या कितीतरी आधीपासून त्या पन्हं करत. पण पन्हं तयार झालं की पदराला हात पुसून मागच्या दाराने घरी जात. हळदीकुंकू सवाष्णींचं. त्यांच्या हातचं पन्हं सगळ्या प्यायच्या, त्यांना मात्र बोलावणं नव्हतं. एका वर्षी आमच्या अध्यक्षबाईंनी सभेत सरळ विचारलं, की पन्हं ज्यांच्या हातचं, त्यांना कुंकू का नाही? कुजबूज झाली, दोघी-तिघी त्या वर्षी आल्याही नाहीत. पण त्या रविवारी पहिली ओटी आजींची भरली, पहिलं फुलपात्र त्यांच्या हातात दिलं. पुढे २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा पेपरातली ती बातमी मी दोनदा वाचली. आजी तोवर नव्हत्या. आमच्या निमंत्रणावर आजींची ओटी भरली त्या वर्षापासून "सर्व भगिनींना" असं छापलं जातं, ते आजतागायत.

मंडळ वाढलं तशा चवीही वाढल्या. नागपूरच्या एक वहिनी आल्या, त्यांनी अक्षय्य तृतीयेच्या आसपासच्या हळदीकुंकवाला चिंचवणी करून आणली. चिंचेचा कोळ, गूळ, वेलदोडा. आमच्या कैरीवाल्यांनी आधी नाकं मुरडली आणि मग दुसऱ्यांदा मागितली. आता एक छोटं पिंप चिंचवणीचं असतं. जळगावच्या ताई आखाजीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांची वही घेऊन येतात आणि पन्हं वाटून झालं की त्यांना उठू देत नाहीत.

मध्यंतरी दोन वर्षं बाटलीतलं तयार पन्हं आणून पाहिलं. वेळ वाचला हे खरं. पण आदल्या संध्याकाळी कोणी जमलंच नाही, आणि रविवारी सगळ्या पाहुण्यांसारख्या आल्या आणि पाहुण्यांसारख्या गेल्या. मला ते मुळीच आवडलं नाही आणि मी सभेत तसं बोलले. तिसऱ्या वर्षी कुकर पुन्हा बाहेर निघाले.

हल्ली पिंपासमोर स्टुलावर मी बसते आणि पाणी ओतायला तळमजल्यावरच्या काकूंची सून असते. तिने सगळी मापं मोबाईलमध्ये लिहून घेतली आहेत: गर किती, गूळ किती, मीठ किती चमचे. पाण्यापुढे तिने फक्त "विचारून" असं लिहिलंय. परवा तिचा फोन आला होता. रत्नागिरीला सांगून ठेवलंय, कैरी धरली आहे, शाळेकडून तारीख तेवढी कळायची आहे.