केटररचे वॉकीटॉकी आणि क्रेनवरचा माणूस

नागपुरात सीताबर्डीत माझं वायरलेस संच दुरुस्तीचं दुकान आहे. ऐन लग्नसराईत एक केटरर डझनभर वॉकीटॉकी घेऊन आले. ऑनलाइन मागवलेले, स्वस्तातले. "भाऊ, सगळे एकाच चॅनेलवर लावून द्या. रात्री वर्धा रोडच्या लॉनवर रिसेप्शन आहे."

एक संच डमी लोडला, म्हणजे लहरी बाहेर न सोडणाऱ्या खोट्या अँटेनाला, जोडून बोलण्याचं बटण दाबलं. वॉटमीटरचा काटा पाच वॉटजवळ गेला. १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० मेगाहर्ट्झ, मधे कुठेही लावा, बोलतो. मागच्या लेबलवर ईटीएचा, म्हणजे सरकारी उपकरण-मान्यतेचा, पत्ता नाही. वायरलेस संच विनापरवाना नुसता जवळ बाळगणंही १९३३च्या कायद्यापासून गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगू लागलो.

तेवढ्यात त्यांच्या मुलाने दुसरा संच स्कॅनवर, म्हणजे आपोआप चॅनेल शोधायला, टाकला. खरखरीतून आवाज आला, "घे... घे... अजून घे... थांब!" पलीकडे पुलाचं काम चालू होतं, तिथल्या क्रेनला इशारे देणारा माणूस होता तो. मुलाला गंमत वाटली. "सोड सोड म्हणू का?" म्हणत त्याने अंगठा बटणाकडे नेला.

मी संच हिसकावून घेतला आणि बॅटरीच काढली.

क्रेन चालवणाऱ्याला पुष्कळदा भार दिसतच नाही. तो कानावर विसंबून दांडा हलवतो. हे संच एफएमवर चालतात, आणि एफएममध्ये जोरदार सिग्नल दुबळ्याला पार दाबून टाकतो. म्हणजे मुलगा काही बोलला नसता, नुसतं बटण दाबलं असतं, तरी ते "थांब" क्रेनवाल्यापर्यंत पोचलं नसतं. हे समजावताना माझा आवाज चढला होता.

केटरर गप्प झाले, पण हटले नाहीत. "तुमच्याकडे तर हॅमचं लायसन आहे ना? मंग तुमच्याच नंबरावर चालवू. एका रात्रीचं तर काम आहे."

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. तो परवाना माझा आहे, परीक्षा देऊन मिळवलेला. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर मी प्रयोग करतो, दुसऱ्या हॅमशी बोलतो. त्यावर धंद्याचा निरोप मीसुद्धा देऊ शकत नाही, मग दुसऱ्याला कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचा माझा ओळख-नंबर, कुठून देणार? पैसे देऊ केले, तरी मी नाहीच म्हटलं.

मार्ग मात्र होता. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा २०१८च्या नियमांनी कमी शक्तीच्या संचांना परवान्याविना खुला केलाय. फक्त संच मान्यताप्राप्त हवा. तसे चार माझ्याकडे होते, ते भाड्याने दिले आणि संध्याकाळी स्वतः लॉनवर गेलो. गेटपासून स्टेजपर्यंत आवाज स्वच्छ. भटारखान्याच्या टिनाच्या शेडमधे तुटत होता, म्हणून तिथल्या पोऱ्याला दाराशी उभं केलं. पंगतीला पोळ्या कमी पडल्याचं आत बरोबर कळत होतं.

ते डझनभर संच केटररनी दुसऱ्याच दिवशी विकणाऱ्याकडे परत पाठवले.