घोस्टबस्टर्सचं कार्टून खरं, पिक्चर हा नुसता पिक्चर

भुतं पकडणाऱ्या पीटर, रे, एगॉन आणि विन्स्टन या चौघांच्या टीमवरचा १९८४चा 'घोस्टबस्टर्स' हा पिक्चर आणि १९८६ला सुरू झालेलं 'द रिअल घोस्टबस्टर्स' हे कार्टून, या दोघांचा मेळ कसा घालायचा यावर फॅन लोक अजून भांडतायत. मला त्यातली एकच थिअरी मनापासून पटते, बाकीच्या कुठे ना कुठे उसवतात.

केसांचे रंग, कपड्यांचे रंग वगैरे सोडून द्या, पिक्चरमधला काळ्या केसांचा एगॉन कार्टूनमध्ये पिवळ्या केसांचा झाला तरी आपण चालवून घेतो. खरी गोची केली १९८९च्या दुसऱ्या पिक्चरने. त्यात पाच वर्षांनंतरची गोष्ट आहे आणि टीमचं दुकान बंद, कोर्टाने भुतं पकडायला बंदी घातलेली, रे आणि विन्स्टन पोरांच्या बर्थडे पार्टीत जाऊन नाचतायत. मग त्याच पाच वर्षांत कार्टूनमध्ये न्यूयॉर्कभर भुतं पकडत कोण फिरत होतं?

काही जण म्हणतात कार्टून पहिला पिक्चर आणि कोर्टकेस यांच्या मध्ये बसवा. पण एवढे एपिसोड त्या फटीत मावणारच नाहीत. काही म्हणतात सगळं कार्टून दुसऱ्या पिक्चरनंतरचं, पण ते 'सिटिझन घोस्ट' या एपिसोडमध्येच निकालात निघतं. हा एपिसोड मला फार म्हणजे फार आवडतो. पहिल्या पिक्चरमधल्या गोझर या दुष्ट देवतेला हरवून झाल्यावर, टीमचं ठाणं असलेलं फायरहाउस उद्ध्वस्त झालेलं असताना त्यातली मूळ गोष्ट सुरू होते, एगॉन पीटरला सांगतो की आपले जुने युनिफॉर्म नष्ट करून टाक आणि पीटर नेहमीप्रमाणे टाळतो, मग त्या कपड्यांमधूनच चौघांची भुताटकी डुप्लिकेटं उठून उभी राहतात आणि त्यांच्यावरच उलटतात. नवे रंगीत युनिफॉर्म कुठून आले, स्लायमर नावाचं हिरवं भूत टीमच्या घरात का राहतं, सगळ्याचं उत्तर एका झटक्यात. लिहिणाऱ्यांनी किती जीव लावून काम केलंय बघा, लहान मुलांचं कार्टून आहे म्हणून कोणी हात झटकले नाहीत.

आणि मग 'टेक टू'. यात टीम हॉलिवूडला जाते कारण त्यांच्यावर पिक्चर निघतोय. मरे, अ‍ॅक्रॉइड आणि रॅमिस ही (पिक्चरमध्ये पीटर, रे आणि एगॉन झालेल्या नटांची) नावं ऐकून त्यांना ती वकिलांची फर्म वाटते! शेवटी थिएटरात पडद्यावर १९८४चा खराखुरा पिक्चर चालू असतो आणि पीटर म्हणतो की हा माझ्यासारखा अजिबात दिसत नाही. म्हणजे कार्टूनवाले हे खरे घोस्टबस्टर्स आणि आपण बघितला तो त्यांच्यावर काढलेला पिक्चर. (नावात 'रिअल' आहे ते मात्र यासाठी नाही, फिल्मेशन कंपनीचं त्याच नावाचं दुसरं कार्टून होतं म्हणून ते लावलं, तरी किती चपखल बसलंय.)

यावर लोक 'पार्टनर्स इन स्लाइम' पुढे करतात, कारण त्या एपिसोडमध्ये दुसऱ्या पिक्चरमधल्या विगो या खलनायकाचा उल्लेख येतो, म्हणजे दुसऱ्या पिक्चरमधल्या गोष्टी कार्टूनमध्येही घडल्यात. अहो घडल्या असतीलच ना, पिक्चर खऱ्या घटनांवरच काढलाय! विगो खरा, त्या पिक्चरमधली भुताटकी चिकट स्लाइम खरी, फक्त दिवाळं आणि कोर्टाची बंदी हॉलिवूडने मसाला म्हणून घातली.

पण ही थिअरी मला पटते ती मुख्यतः विन्स्टनमुळे. पिक्चरमध्ये तो अर्ध्यावर येतो, पगार मिळणार असेल तर कशावरही विश्वास ठेवेन म्हणतो आणि बराच वेळ मागेच उभा असतो. कार्टूनमध्ये तो बरोबरीचा आहे, 'नाइट गेम'मध्ये तर चांगलं विरुद्ध वाईट असा बेसबॉलचा सामना होतो आणि मैदानात उतरतो तो विन्स्टनच. आता टेक टूमधली ती तीन नावं परत वाचा, त्यात पिक्चरमध्ये विन्स्टन झालेला अर्नी हडसन नाहीये. हडसनने स्वतः सांगितलंय की आधीच्या स्क्रिप्टमध्ये विन्स्टन सुरुवातीपासून होता, शूटिंगच्या तोंडावर नवी स्क्रिप्ट हातात पडली तेव्हा रोल कापलेला होता. नंतर कार्टूनसाठी त्याने विन्स्टनच्याच आवाजाची ऑडिशन दिली, तर ती भूमिकाही आर्सेनिओ हॉल या दुसऱ्या नटाला गेली. म्हणजे चौघांनी मिळून शहर वाचवलं आणि हॉलिवूडने गोष्ट सांगताना चौथ्याला बाजूला सारलं, हे थिअरीत जितकं बसतं तितकंच बाहेरही खरंच झालंय, आणि म्हणून मी कोणी विचारलं तर 'नाइट गेम'मधलाच विन्स्टन खरा म्हणते.