कोलत्यांच्या वाटेने रिद्धपूर: नागपूरहून एका दिवसात

डॉ. वि. भि. कोलते १९६६ ते १९७२ नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. पण त्यांचे काम समजून घ्यायचे तर महाराजबागेजवळची विद्यापीठाची जुनी इमारत पाहून भागत नाही, मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर गाठावे लागते. बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचा हा माणूस जन्मभर महानुभाव पंथाच्या पोथ्यांत बुडालेला होता, आणि त्या पोथ्यांतले अर्धे जग या गावात आहे.

निघण्यापूर्वी कोलत्यांनी संपादलेली ‘स्थानपोथी’ वाचनालयातून मिळवाच. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी कुठे बसले, कुठे राहिले, कोणत्या दारातून बाहेर पडले, याची ही जुनी नोंदवही. आसनस्थान, वसतिस्थान, विहरणस्थान असे शब्द आणि दिशा तीत आहेत. रिद्धपूरचा भाग टिपून घ्या आणि गावात दिशा धरून चला. देवळे पुन्हा बांधली गेली, दारे फिरली, त्यामुळे पोथीतले ‘पूर्वाभिमुख’ आज जुळेलच असे नाही. तिथे गोंधळ होतो. अशा वेळी मठातल्या महंतांना विचारावे.

गणेशपेठ स्थानकावरून काटोल-वरूडकडून मोर्शी, तिथून चांदूर बाजारच्या रस्त्याला रिद्धपूर. स्वतःची गाडी असेल तर अमरावती महामार्गाने तळेगाव, मग आष्टी-मोर्शी. जायलाच तीन तासांहून जास्त धरा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हवा उत्तम, पण अंबिया बहाराच्या संत्र्यांचे ट्रक काटोल-वरूड पट्ट्यात वेग कमी करतात. उन्हाळ्यात पहाटेच निघा.

आधी राजमठ पाहा. हे चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचे ठिकाण. रामटेकच्या यात्रेला म्हणून निघालेले चक्रधर रिद्धपुरातच थांबले. प्रभूंनी आपल्या हातातले उष्टे शेंगुळे त्यांच्याकडे टाकले, तो प्रसाद घेऊन ते शिष्य झाले, अशी परंपरा आहे. लीळा, म्हणजे स्वामींच्या आयुष्यातले प्रसंग, घडलेल्या जागी ओटे बांधलेले असतात: बुटका चौथरा, वर फुले, समोर कपाळ टेकणारी माणसे. ओट्यावर पाय टेकवू नये, त्याला टेकून बसू नये. वहाणा बाहेर, अभिवादन ‘दंडवत प्रणाम’, आणि फोटो विचारूनच.

यानंतर वाजेश्वरीला वेळ द्या. पंथातल्या म्हाइंभटांनी लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरांचे चरित्र, इथे रचले असे सांगतात. मूळ प्रत धामधुमीत हरवली, पुढे शिष्यांनी आठवणीतून पाठ उभे केले, म्हणून हस्तलिखितांत फरक पडतो. सकळ लिपीत लिहिलेल्या पोथ्या तर अक्षरांची अदलाबदल उलगडल्याशिवाय वाचताच येत नाहीत. असे पाठ ताडून कोलत्यांनी लीळाचरित्राची प्रत सिद्ध केली, ती १९७८ साली छापली गेली. कुलगुरूपदाची वर्षे संपल्यावरचे हे काम, आणि आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे. मठात हस्तलिखित पाहायला मिळाले तर हात लावू नका, पाने महंतच उलटतील.

गावातच आता मराठी भाषा विद्यापीठही आहे. राजमठ आणि वाजेश्वरीला मिळून निदान तीन तास लागतात. जेवणाची सोय मठात होईल असे गृहीत न धरता मोर्शीतच खाऊन घ्या, आणि परतीची शेवटची एसटी मोर्शी स्थानकावर उतरताच विचारून ठेवा.