दारव्हा रोडवरची आजची संध्याकाळ

हात अजून थरथरत आहेत. दारव्ह्याहून यवतमाळला येताना समोरच्या मोटरसायकलला रोही, म्हणजे नीलगाय, आडवा गेला. पोरगा उडून डांबरावर पडला. मिनिटभरात वीसेक माणसं जमली. "उचला, ऑटोत टाका." एकानं बाटली पुढे केली, "पानी पाजा त्याले."

मी नाही म्हटलं. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मानही हलवू दिली नाही. मणका दुखावला असेल तर ओढाताणीत जन्माचं अधूपण येऊ शकतं. मांडीतून रक्त वाहत होतं, तिथं दुपट्ट्याची घडी घट्ट दाबून धरली. सारखी उचलून पाहिली नाही. एकानं १०८ ला फोन लावला, दोघं मागेपुढे उभे राहून गाड्यांना उजेड दाखवत होते.

एक काका हळूच म्हणाले, "पोरी, पोलिसायच्या लफड्यात कायले पडतं?"

ही भीतीच जीव घेते आपल्याकडे! २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलं. चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर खटला नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. हे ऐकून तेच काका खाली बसले, गाडी येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहिले. "बापू, डोये उघडे ठेव."

आत्ताच त्याच्या आईचा फोन आला. शुद्धीवर आहे.