नवे सेल घालूनही टॉर्च लागेना, तेव्हा

टॉर्च साधीच, ॲल्युमिनियमच्या नळीची, एलईडीची, दोन एए सेलवर चालणारी. बरेच महिने वापरात नव्हती. बाहेर काढून बटण दाबलं तर ढिम्म. नवे सेल घातले, तरी तेच. मागचं झाकण आवळताना मात्र एकदा लुकलुकली आणि विझली. त्या लुकलुकण्याने जीवात जीव आला, कारण एलईडी शाबूत आहे एवढं तरी कळलं. बिघाड जोडणीत कुठेतरी होता.

तरीही सेल तपासून घेतले. नव्या अल्कलाइन सेलवर मल्टिमीटर 1.6 व्होल्टच्या आसपास दाखवतो, तसा दाखवला. जुने सेल 1.4 दाखवत होते. हा आकडा फसवा असतो. नुसत्या सेलवर मीटर लावला तर थकलेला सेलही बरा दिसतो, पण दिव्याचा भार पडला की त्याचा व्होल्टेज झपकन खाली येतो. त्यामुळे जुने सेल बाजूलाच ठेवले. एक जुना, एक नवा अशी जोडी तर कधीच घालू नये. कमजोर सेल आधी संपतो, दुसरा त्याच्यातून करंट रेटत राहतो आणि मग तो कमजोर सेल पाझरतो.

आता मुख्य काम. अशा टॉर्चमध्ये मागून पुढे जाणारी वेगळी वायर नसते. सेलच्या मायनस टोकाला झाकणातली स्प्रिंग टेकते, तिथून करंट बटणात, बटणातून झाकणाच्या धातूत, मग नळीच्या कडेवर आणि नळीतूनच पुढे दिव्याकडे. म्हणजे आपण हातात धरतो ती नळीच वायरचं काम करते. नळीवर ॲनोडायझिंगचा (ॲल्युमिनियमवर मुद्दाम चढवलेला ऑक्साइडचा) थर असतो आणि त्यातून वीज जात नाही, म्हणून मागची गोल कड मुद्दाम उघडी, चकचकीत ठेवलेली असते.

हे एकदा लक्षात आलं की निम्मी टॉर्च एका फटक्यात निर्दोष ठरवता येते. झाकण काढून बाजूला ठेवलं. एक यू-पिन सरळ केली, तिचं एक टोक सेलच्या मायनसवर आणि दुसरं त्या उघड्या कडेवर टेकवलं. लख्ख उजेड! सेल, नळी, पुढचा भाग सगळं ठीक, दोष झाकणात. उजेड पडला नसता तर झाकणाला हात न लावता पुढचा भाग उघडला असता. (18650 सारख्या लिथियम-आयन सेलची टॉर्च असेल तर ही तार सेलच्या प्लस-मायनसमध्ये अडकणार नाही हे बघा. ती क्षणात तापून बोट भाजते.)

झाकणात डोकावलं तर स्प्रिंगच्या बुडाशी पांढरी, खरखरीत पूड. पूर्वी कधीतरी सेल पाझरला असणार. अल्कलाइन सेलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा असा कार्बोनेटचा थर बनतो. नुसतं फुंकून उडवायला जाऊ नका, डोळ्यांत गेलं तर चुरचुरतं. हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसलं. बारीक बुडबुडे आले, थर सुटला. मग पाण्याने ओलसर केलेला बोळा, नंतर कोरडा.

स्प्रिंगभोवतीच्या आटेदार रिंगला दोन खाचा असतात. त्यात टोकदार चिमटा अडकवून फिरवायला गेलो, तर रिंग जवळजवळ बोटानेच फिरली. लुकलुकण्याचं कोडं इथे सुटलं. रिंग सैल असली की बटण झाकणाच्या धातूला नीट टेकत नाही. बटण काढून मीटर कंटिन्युइटीवर (वीज जायला सलग वाट असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवला: दाबलं की बीप, पुन्हा दाबलं की गप्प. बटण उत्तम होतं, नवं आणायची गरज नव्हती.

जोडायला वेळ लागला नाही. आट्यांतलं काळं पडलेलं जुनं ग्रीस पुसलं, नळीची कड खोडरबरने घासली, बटण बसवून रिंग चिमट्याने घट्ट आवळली. आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावलं, कडेला मात्र नाही. टॉर्च लागली. तळहातावर आपटून पाहिली, उजेड हलला नाही.

स्प्रिंगचा खालचा वेढा मात्र काळपट झालाय. तिथला मुलामा गेल्यामुळे तो पुन्हा गंजणार. त्याच मापाची दुसरी स्प्रिंग हाती लागेपर्यंत हीच चालवतोय, आणि वापर नसेल तेव्हा सेल बाहेर काढून ठेवतोय.