गॅलरीतली भुरी: तीन आठवड्यांच्या नोंदी

८ नोव्हेंबर
पाऊस सरला, गुलाब करप्यातून (पानांवर काळे ठिपके पाडणारा बुरशीरोग) सुटले म्हणून हुश्श केलं, तर आता झिनियावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी. खालच्या पानांवर पिठी सांडल्यासारखे गोल ठिपके. अंगठ्याने पुसलं तर पांढरं बोटाला लागलं आणि खाली पान पिवळट. केवडा (भुरीसारखाच वाटणारा दुसरा रोग) असता तर पानाच्या मागे राखाडी-जांभळी लव दिसली असती. पानं उलटून पाहिली, मागे काही नाही.

ठाण्यातली आमची गॅलरी तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेला. गेल्या महिन्यात कबुतरांसाठी बारीक जाळी ठोकली. आत चौदा कुंड्या, खेटून.

१० नोव्हेंबर
तीन कुंड्या, तीन औषधं. पहिलीला एक भाग दूध, नऊ भाग पाणी. दुसरीला लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम खायचा सोडा आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. तिसरीला पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. आई म्हणाली, "माझ्या चहाला पाणी आणि तुझ्या झाडांना दूध!"

उठायला उशीर झाला, त्यामुळे गंधक मारलं साडेअकराला. दुपारी ३४ अंश. संध्याकाळी पानांच्या कडा इस्त्रीचा चटका बसावा तशा भाजलेल्या. पारा ३२च्या वर जाणार असेल तर गंधक मारायचं नाही, हे द्राक्षबागवाल्या मामाने शंभरदा बजावलं होतं.

१७ नोव्हेंबर
दुधाच्या कुंडीत जुने डाग तसेच, नव्या पानांवर मात्र कमी. सोड्याचंही साधारण तेच, पण तिसऱ्या फवारणीनंतर पानं कडक झाली. सोडा बंद.

खरी गंमत चौथ्या कुंडीची. ती पायात येते म्हणून जाळीबाहेर कठड्याच्या कोपऱ्यात सरकवली होती. औषधाचा थेंब नाही आणि भुरी सगळ्यात कमी! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. भुरीला ओलं पान लागतच नाही. पानावर पाणी साचलं तर तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. तिला हवी दमट, कोंदट हवा, आणि ती मीच जाळी लावून करून दिली होती. पानं भिजू नयेत म्हणून वर्षभर जपलं, ते करप्यासाठी ठीक होतं.

मग पाच कुंड्या गच्चीवर नेल्या, उरलेल्यांत वीतभर अंतर ठेवलं, आतल्या दाट फांद्या काढल्या. रोगट पानं खताच्या डब्यात न टाकता कचऱ्यात. गुलाबांना सकाळी आठला पाण्याचा जोरदार फवारा, दहापर्यंत पानं सुकतात. संध्याकाळी अजिबात नाही, कारण पान सातेक तास ओलं राहिलं की करप्याच्या काळ्या ठिपक्यांना रान मोकळं.

२९ नोव्हेंबर
नवे शेंडे हिरवेगार. चौथ्या कुंडीत मात्र पाहुणे आलेत: लिंबासारखे पिवळे, बिनठिपक्यांचे ढालकिडे. हे मावा ही कीड खाणाऱ्यांतले नाहीत, हे भुरीच चरतात. मोबाईलला भिंग लावून पाहिलं, काळ्या ठिपक्यांची फिकट अळी जिथून गेली तिथे पिठीत स्वच्छ हिरवी वाट. कडुनिंबाचं तेल काढून ठेवलं होतं, ते परत कपाटात.

चार अळ्या मोजल्या. पाचवी शेजारच्या काकूंच्या कुंडीत पोचलीय. त्यांना आजच सांगायला हवं, नाहीतर त्या चप्पल उचलतील.