अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर

२०२० साली, कोरोनाच्या साथीत, आश्विन अधिक आला, त्यामुळे एरवी सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी बसणारे घट महिनाभर पुढे, १७ ऑक्टोबरला बसले. मध्ये पडलेल्या त्या महिन्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. ११ सप्टेंबरला राज्यातील कोरोनाची एकूण रुग्णसंख्या दहा लाखांच्या पुढे गेली होती आणि त्या एका दिवसात चोवीस हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले होते. तशा परिस्थितीत लगेच सण आला असता, तर बाजारात काय झाले असते याची कल्पनाही नकोशी वाटते. दिवाळीच्या आठवड्यात रोजचा आकडा पाच हजारांच्या खाली आला होता. साथ संपलेली नव्हती, आमच्या सोसायटीत तेव्हाही एका घराचे दार विलगीकरणामुळे बंद होते. तरीही त्या दिवसांत मला जो धीर मिळाला, तो शहर एकेक गोष्ट पुन्हा सुरू करताना पाहून मिळाला.

डोंबिवलीकराच्या दृष्टीने शहर म्हणजे आधी लोकल. टाळेबंदीत थांबलेल्या गाड्या १५ जूनपासून धावू लागल्या, पण त्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. माझे काम हिशेबाचे. बिले आणि व्हाउचरच्या फायली घरी आणता येत नाहीत, म्हणून कार्यालय उघडल्यावर मला जावेच लागले. सकाळी इंदिरा गांधी चौकात एसटीच्या रांगेत उभे राहायचे, शिळफाट्याच्या कोंडीत अडकायचे आणि एरवी जलद लोकलने तासाभरात होणाऱ्या दादरच्या प्रवासाला कधी कधी तीन तास द्यायचे, असा तो काळ होता. बसमधून उतरल्यावर दिवसाचे काम सुरू होण्यापूर्वीच अंगातली शक्ती संपलेली असे. त्या दिवसांत बस चालवणाऱ्या आणि तिकिटे फाडणाऱ्या माणसांनी, त्यांतले कित्येक आपल्या गावापासून दूर मुक्कामाला असताना, आम्हाला रोज कामावर पोहोचवले, याची नोंद कोठेतरी व्हायला हवी.

२१ ऑक्टोबरपासून सर्व महिलांना लोकलने प्रवास करण्याची मुभा मिळाली: सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. सकाळी अकराची वेळ नोकरदार बाईच्या सोयीची नाही, हे खरेच आहे. तरीही आमच्या कार्यालयाने उशिरा येऊन उशिरा जाण्याची परवानगी दिली आणि मी तिकीट काढले. त्या बुधवारी नवरात्रातला निळा रंग होता. फलाटावर निळ्या साड्या, निळे कुडते, आणि काहींनी आवर्जून निळ्या कापडाचेच मास्क शिवून घेतले होते. दरवर्षी नवरात्रात लोकलच्या डब्यांना तोरणे बांधतात, आरती होते. त्या वर्षी त्यातले काही नव्हते, आणि ते नसणेच योग्य होते. पण लोकलमधल्या आमच्या गटातल्या दोघी भेटल्या. आम्ही एक जागा सोडून बसलो, कोणाच्या घरी काय घडून गेले ते एकमेकींना सांगितले, आणि एकीच्या सासूबाई जुलैत गेल्याचे मला तेव्हा, कळव्याच्या आसपास, समजले. फोनवर ती हे बोलू शकली नव्हती. गाडीत समोरासमोर बसून बोलता येणे ही किती मोठी सोय होती, हे मला त्या दिवशी जाणवले.

बाकीच्या गोष्टी हळूहळू आल्या. १५ ऑक्टोबरपासून ग्रंथालयांना परवानगी मिळाली. आमच्या ग्रंथालयात परत आलेले पुस्तक काही दिवस वेगळे ठेवून मगच दुसऱ्याला देत, आणि वाचक तक्रार न करता थांबत. नरक चतुर्दशीच्या पहाटे फडके रोडवर तरुण मुलांची जी गर्दी होते, ती त्या वर्षी होऊ नये म्हणून सर्वांनीच प्रयत्न केले. माझ्या मुलीला त्याचे वाईट वाटले, पण तिने मैत्रिणींसह व्हिडिओ कॉलवर फराळ केला. ९ नोव्हेंबरला परदेशातील एका लशीचे पहिले चांगले निष्कर्ष जाहीर झाले, आणि पुण्यात सीरम या लस बनवणाऱ्या कंपनीतही कोविशिल्ड लशीच्या कुप्या भरल्या जात आहेत, ही बातमी आमच्या घरात दोनदा मोठ्याने वाचली गेली. पाडव्याला देवळे उघडली. पुरुषांना मात्र लोकलची मुभा तेव्हा अजून नव्हती; माझे यजमान तेव्हाही चौकातल्या रांगेत उभे राहत.

महिलांच्या डब्यात पिना, क्लिपा, कानातले विकणाऱ्या बायका मात्र तेव्हा अजून परतलेल्या नव्हत्या. त्यांच्यापैकी एकीचा फोन नंबर आमच्याकडे होता. डबा सजवण्यासाठी दरवर्षी निघणारी वर्गणी आम्ही त्या वर्षीही काढली आणि तिच्या घरच्या किराण्यासाठी दिली. तिने ती नुसती घेतली नाही; तिच्याकडे शिलाई यंत्र होते, म्हणून त्यातल्या काही पैशांतून सुती कापड आणून तिने मास्क शिवायला घेतले. ते आम्ही आपापल्या कार्यालयांत आणि सोसायट्यांत विकले, आणि सगळे पैसे तिच्या खात्यावर जमा केले. दिवाळीआधीची खेप दोन दिवसांत संपली. पुढच्या खेपेत लहान मुलांच्या मापाचेही मास्क शिवावेत, असे आम्ही तिला सुचवले होते, आणि त्यासाठी मऊ नाडी कोठे स्वस्त मिळेल याची चौकशी चालू होती.